डोईपट्टीतील दुसरे माणूस

न्यायालयाच्या तळघरातील दप्तरखान्यात चामडी पुठ्ठ्यांच्या नव्वद चोपड्या होत्या, आणि त्यांपैकी एकीलाही ऑर्फा हॅचर हिने कधी बसून हात लावला नव्हता. चोपडी उघडावयाची ती हात धुऊन, उभे राहून, आणि पान उलटावयाचे ते वरच्या कोपऱ्याला धरून, हा तिच्या वडिलांचा दंडक होता. लेम्युएल हॅचर हे व्हर्जिनियातील ॲशकॅम्प परगण्याचे सत्तावीस वर्षे दप्तरदार होते. त्यांच्या हाताखाली आणि त्यांच्या पश्चात मिळून ऑर्फाने तेथेच चाळीस वर्षे चाकरी केली. लग्न केले नाही. चाकरी संपून सहा वर्षे लोटली तरी सकाळी नऊच्या ठोक्याला ती तळघराचा जिना उतरे, आणि आपल्या खापरपणजोबांच्या शोधात दूरदूरच्या राज्यांतून आलेल्या लोकांना चोपड्या काढून देई. कोणी निराश झाला की ती म्हणे, "चर्चमधले कागद जळतात, घरच्या बायबलात लिहिलेल्या जन्ममृत्यूच्या नोंदी उंदीर खातात. पण जमीन आणि कर या दोन गोष्टी सरकार कधी विसरत नाही. माणूस शोधायचा तर तिथं शोधा."

१९८४ च्या ऑक्टोबरात एका सकाळी त्या जिन्यावर काठीचा आवाज आला. दर पायरीला थांबत, धापा टाकत केझाया एप्स खाली आली. ओढ्यापलीकडल्या वस्तीतील ही बाहत्तर वर्षांची कृष्णवर्णीय बाई माहेरची हॅचरच होती. परंतु त्या परगण्यात हॅचर दोन प्रकारचे होते आणि ते एकमेकांच्या दारी जात नसत.

"उभ्याच का, ऑर्फाबाई? खुर्च्यांनी काही गुन्हा केलाय?"

"केझाया! तू कशाला जिना उतरलीस? निरोप पाठवायचास."

"निरोप पाठवला की तो तुमच्या फायलीत जातो. मी एकदा फायलीत गेलेय. पुन्हा नको." ती खुर्चीत बसली आणि श्वास जागेवर आल्यावर म्हणाली, "डॉक्टर म्हणतो, हृदयाची झडप गेली. वसंत काही बघत नाही मी. तेव्हा मागायचं ते आत्ताच मागते. मला माझ्या आईशेजारी पुरा. तिच्या डाव्या हाताला."

केझायाची आई फ्लॅटरॉक ओढ्यावरच्या टेकडीवर, हॅचर कुळाच्या दफनभूमीत होती. आयशम हॅचर या मूळपुरुषाने १७८८ साली आपली जमीन मुलांना वाटून दिली, त्या वेळी दगडी भिंतीने वेढलेली ही पाव एकर भूमी त्याने दस्तात 'माझ्या वंशजांसाठी निरंतर' म्हणून राखून ठेवली होती. तिची व्यवस्था पाच जणांची समिती पाहत असे आणि ऑर्फा त्या समितीची चिटणीस होती. १९२१ साली केझायाची आई वारली तेव्हा तिला तेथे पुरण्यास कोणी हरकत घेतली नव्हती. पुढे पाच वर्षांनी फाटकाला कुलूप लागले आणि ओढ्यापलीकडच्यांची वाट बंद झाली.

"तिच्या डाव्या हाताला तर धाकटा आयशम आहे," ऑर्फा म्हणाली. "आयशमचा मुलगा. स्वातंत्र्ययुद्धात पडलेला."

"तो कधी आला तिथं?"

"म्हणजे?"

"आईला पुरलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तिथं नुसतं गवत होतं. आजीनं मला त्या गवतावर उभं केलं न् म्हणाली, ही तुझी जागा, विसरू नकोस. मी विसरले नाही. मग एकतीस साली तुमच्या वडिलांनी तिथं दगड बसवला. दीडशे वर्षांनी त्या शिपायाला आपली जागा आठवली होय?" केझाया काठीवर भार देऊन उठली. "दगडाखाली माणूस आहे की नाही, तेवढं कागद बघून सांगा. आहे म्हणालात तर मी गप्प बसेन. मेलेल्या माणसाला उठवून त्याच्या जागी झोपणारी मी नव्हे."

ती गेल्यावर ऑर्फाने हात धुतले. काम तिला सोपे वाटले होते. धाकटा आयशम हा कुळाचा भूषणपुरुष. दरवर्षी जुलैच्या चौथ्या दिवशी, स्वातंत्र्यदिनी, त्याच्या दगडापाशी ध्वज रोवला जाई आणि लहान मुलांना त्याची कथा सांगितली जाई. लेम्युएल हॅचर यांनी वीस वर्षे खपून लिहिलेल्या कुलवृत्तान्तात त्याच्यावर तीन पाने होती. त्या पानांना आधार होता १७६४ सालच्या डोईपट्टीच्या गोषवाऱ्यातील एका ओळीचा. ती ओळ ऑर्फाला पाठ होती: आयशम हॅचर, डोया दोन, एकर दीडशे.

डोईपट्टीचा नियम असा, की गोऱ्याच्या घरात सोळा वर्षांवरील पुरुष तेवढा मोजावा. स्त्रिया आणि लेकरे यांची पट्टी नसे. मग घरात आयशमखेरीज दुसरी डोई कोणाची? उघडच सोळा वर्षांच्या पुत्राची. पुढे दस्तांत किंवा मृत्युपत्रात हा पुत्र कोठेही आढळत नाही, तेव्हा तो युद्धात अविवाहित पडला असला पाहिजे. वडिलांनी असे लिहिले होते, आणि वडिलांनी लिहिलेले पडताळून पाहण्याचा विचार ऑर्फाच्या मनाला इतक्या वर्षांत शिवला नव्हता.

पुत्र सोळा वर्षांचा, तर पिता केवढा, एवढे पाहण्यासाठी तिने मागील याद्या काढल्या. १७५१ च्या यादीत आयशमच्या काकाच्या नावापुढे लिहिले होते, 'पुतण्या आयशम, यंदा प्रथमच'. म्हणजे त्या वर्षी आयशमला सोळावे लागले. त्याचा जन्म १७३५ चा. तिने पाकिटाच्या पाठीवर वजाबाकी केली, मग पुन्हा केली. १७६४ साली सोळा वर्षांचा असलेला पुत्र जन्मला तेव्हा बाप तेरा वर्षांचा होता.

दोन शेतांच्या चतुःसीमेत अर्ध्या काठीचा फरक पडला तर जे वडील कारकुनाला रात्रीचे जेवण विसरावयास लावीत, त्यांच्या ध्यानी ही वजाबाकी आली नसेल हे तिला पटेना. दुसरी डोई एखाद्या गुलामाची असेल म्हणावे, तर आयशमच्या पदरी गुलाम असल्याची नोंद कोठेच नव्हती. गोषवाऱ्यात केवळ आकडे होते. नावे असत ती मूळ यादीत. प्रत्येक ओढ्याकाठचा न्यायाधीश घोड्यावरून घरोघर फिरून ती यादी करी. त्या वर्षीची फ्लॅटरॉकची मूळ यादी हरवली, असे कुलवृत्तान्तातच म्हटले होते.

ऑर्फा तेरा दिवस सुटे कागद चाळीत राहिली. चौदाव्या दिवशी, भटक्या गुरांच्या सूचनांचे एक गाठोडे सोडताना, घोड्यांच्या डागांची वर्णने आणि लाल गायीच्या फाटक्या कानाची नोंद यांच्यामध्ये तिला एक लांब, मधोमध दुमडलेला कागद मिळाला. ओढ्याच्या मुखापासून घरे क्रमाने लिहिली होती. अकरावे घर असे होते: 'आयशम हॅचर व त्याची बायको सेब्रा, दोन'.

तिने ती ओळ बोटाने न शिवता वाचली. वरच्या दहा घरांत बायका असणारच, पण एकीचेही नाव नव्हते. खालच्या चौदा घरांतही नव्हते. गोऱ्या बाईला डोई नसे. ज्या घरची बायको मोजली जाई, ती बायको गोरी नसे. स्वतंत्र असो, लग्नाची असो, चार लेकरांची आई असो, कायदा तिला शेतात राबणाऱ्या पुरुषाइतकी मोजी. कुलवृत्तान्तात मात्र सेब्रा ही 'वेल्समधील एका प्राचीन घराण्यातील कन्या' होती.

आणि त्या अकराव्या ओळीच्या समासात हिरव्या पेन्सिलीची एक बारीकशी खूण होती. वाचून झालेल्या नोंदीपुढे अशी खूण करण्याची सवय साऱ्या न्यायालयात एकाच माणसाला होती. ऑर्फा खुर्ची ओढून खाली बसली.

दुपारी तिने दस्तांची आठवी चोपडी काढली. बर्वेल आणि जोसाया या दोन नावांची बक्षीसपत्रे तिच्यात होती. कुलवृत्तान्ताप्रमाणे जोसाया आयशमचा पुत्र, म्हणजे ऑर्फाच्या शाखेचा पूर्वज, आणि ओढ्यापलीकडच्यांचा पूर्वज बर्वेल हा 'त्याच आडनावाचा, परंतु नाते नसलेला एक इसम'. ऑर्फाने त्या चोपडीची सूची स्वतः तयार केली होती आणि सूचीसाठी नावे घेतली होती ती वडिलांच्या टिपणांवरून. मूळ पान तिने आज प्रथम वाचले. दोन्ही बक्षीसपत्रे एकाच दिवशी, एकाच शाईने, एकाखाली एक लिहिली होती. 'मी आयशम हॅचर व माझी पत्नी सेब्रा, आम्ही आमचा पुत्र बर्वेल यास स्वाभाविक प्रेमापोटी' साठ एकर, आणि त्याखाली 'आमचा पुत्र जोसाया यास' नव्वद एकर. शेवटी सेब्राने आपल्या हाताची निशाणी केली होती. दोन्हींखाली निशाणी एकच, एक उभी रेघ आणि तिला छेदणारी दुसरी.

घरी वडिलांचे कपाट होते. कपाटात त्यांच्या कचेरीच्या पत्रांच्या नकला सालवार बांधलेल्या होत्या. ऑर्फाने १९२६ चे बाड काढले. त्याच्या दोन वर्षे आधी राज्यात कायदा झाला होता, की ज्याच्या रक्तात परवर्णाचा एक थेंब निघेल तो गोरा नव्हे. राजधानीतील कार्यालय परगण्यापरगण्याच्या दप्तरदारांकडून जुन्या नोंदींचे दाखले मागवीत असे. लेम्युएल हॅचर यांचे उत्तर दीड पानाचे, नेटके होते. बर्वेल हॅचर याची माता सेब्रा १७६४ च्या मूळ यादीत करपात्र स्त्री म्हणून नोंदलेली आहे, सबब तिचे वंशज गोरे समजले जाऊ नयेत, असे सांगून खाली नऊ घरांची नावे वयांसह दिली होती. सातव्या घरात लिहिले होते: केझाया, वय तेरा, सध्या गोऱ्यांच्या शाळेत.

पत्रात खोटे असे एकही वाक्य नव्हते. जोसायाचे नाव तेवढे नव्हते.

ऑर्फा त्या वेळी नऊ वर्षांची होती. एके दिवशी वर्गातील मागच्या बाकावरच्या सहा मुली दिसेनाशा झाल्या, हे तिला आठवत होते. वडिलांना विचारले तेव्हा ते म्हणाले होते, "त्यांना त्यांची शाळा मिळाली, बाळ."

रविवारी समिती लॅनियर हॅचरच्या ओसरीवर जमली. लॅनियर हा ऑर्फाचा चुलतभाऊ, समितीचा अध्यक्ष. तंबाखूच्या लिलावाची वखार त्याची, आणि चर्चमध्ये पहिला बाकही त्याचाच. बायकोने हॅमची बिस्किटे आणि बर्फ घातलेला गोड चहा पुढे ठेवला होता. ऑर्फाने वजाबाकी सांगितली, यादीची ओळ वाचली, दोन्ही बक्षीसपत्रे वाचली, आणि वडिलांच्या पत्राची नकल मेजावर ठेवली. बाकीचे तिघे सभासद बिस्किटांकडे पाहत राहिले.

"ताई," लॅनियर म्हणाला, "हे तू आणखी कुणाला दाखवलंस?"

"आधी खरं आहे का ते तरी विचार."

"तू काढलंयस म्हणजे खरंच असणार. म्हणून तर विचारतोय, कुणाला दाखवलंस."

"कुणालाही नाही."

त्याने सुस्कारा सोडला आणि नकल हलकेच दुमडली. "हे बघ, आता कुणाला काय पडलंय गं याचं? तो कायदा गेला, त्या शाळा गेल्या. माझ्या वखारीत निम्मी माणसं काळी आहेत, त्यांच्या घरची लग्नं मी करून देतो. पण माझी नात पुढल्या महिन्यात बोहल्यावर चढतेय. रिचमंडची माणसं आहेत, घराणं विचारतात."

"मग? सेब्रा काही लग्नाला यायची नाही."

तिघांतील एक जण हसला आणि लगेच खोकल्यासारखे करू लागला.

"तुला थट्टा सुचतेय," लॅनियर म्हणाला. "दर चौथ्या जुलैला मी तिथं ध्वज रोवतो. माझ्या बापानं रोवला. आता पोरांना सांगू, की बाबांनो, शिपाई नव्हताच, ती आपली आजी होती? आणि काकांचं काय? तुझ्या वडिलांचं? त्यांचं नाव न्यायालयाच्या दारावर कोरलंय. हे पत्र बाहेर गेलं तर लोक तिथं थुंकतील. तुला चालेल?"

 सबंध आठवडा ऑर्फाने स्वतःला हाच प्रश्न विचारला होता आणि उत्तर टाळले होते.

"त्या म्हातारीला जागा हवीय ना? देऊ की. आपण काही तसली माणसं नाही. खालच्या बाजूला, कुंपणापाशी, अक्रोडाजवळ आहे मोकळी जागा. शेजारधर्म म्हणून देऊ. कागद मात्र कपाटात. कुणाची हरकत?"

"ती कुंपणाशी मागत नाहीये. आईच्या डाव्या हाताला मागतेय. तिथं कुणीही नाही, लॅनियर."

"तिथं दगड आहे," तो म्हणाला. "हात वर करा."

चार हात वर झाले. ऑर्फाने मनाशी विचार केला, की भिंतीच्या आत तरी येईल, आईपासून पन्नास पावलांवर तरी येईल. अडवून धरले तर तेही जाईल. असा विचार करीत तिनेही हात वर केला. इतिवृत्तात तिने 'एकमताने' असे लिहिले.

दुसऱ्या दिवशी ती ओढ्यावरचा पूल ओलांडून गेली. सत्तर वर्षांच्या जवळ आलेल्या त्या बाईने आपल्या घरापासून अडीच मैलांवरची ही वस्ती आतून कधी पाहिली नव्हती. केझायाचा पुतण्या वर्नेल याने दार उघडले आणि तो बाजूला झाला. केझाया खिडकीशी, मांडीवर पांघरूण घेऊन बसली होती. शेजारी उकडलेल्या शेंगांचे भांडे होते.

"या, दप्तरखाना चालत आला! वर्नेल, त्यांना खुर्ची नको देऊ, त्या उभ्याच बऱ्या असतात." मग तिने ऑर्फाचा चेहरा पाहिला. "बसा. काय निघालं? दगडाखाली कोण आहे?"

"कुणी नाही. तो जन्मलाच नव्हता."

"हं." केझायाने एक शेंग फोडली. "मग जागा माझी."

ऑर्फाने समितीचा निर्णय सांगितला. अक्रोडाजवळची जागा, शेजारधर्म, आणि कागद कपाटात. सांगताना तिच्या ध्यानी आले, की आपण वडिलांच्या आवाजात बोलत आहोत, एकेक शब्द निवडून.

"कागद कपाटात म्हणजे? कसला कागद?"

कागद न दाखवण्याचे समितीत ठरले होते. तरी यादी, बक्षीसपत्रे आणि वडिलांचे पत्र यांच्या प्रती ऑर्फाच्या पिशवीत होत्या. आपण त्या का आणल्या, हे तिने स्वतःलाही विचारले नव्हते. तिने त्या पांघरुणावर ठेवल्या. केझायाने चष्मा लावला आणि ओठ हलवीत, सावकाश सारे वाचले. आपले नाव व वय लिहिले होते तेथे ती बराच वेळ थांबली. वर्नेल तिच्या खांद्यावरून वाचत होता. तो मध्येच बाहेर निघून गेला आणि अंगणात लाकडे फोडण्याचा आवाज येऊ लागला.

"बर्वेल आयशमचा पोर, हे आमच्याकडं पोराटोरांना ठाऊक होतं," केझाया शेवटी म्हणाली. "त्याला कागद कधी लागला नाही. पण आम्हांला वाटायचं, तुम्ही दुसरीचे. आयशमची आधीची कुणी गोरी बायको असेल, तिचे. म्हणून तुम्ही आत न् आम्ही बाहेर. अठ्ठावन्न वर्षं मी असंच धरून चालले. परक्यानं दार लावलं तर राग येतो न् जातो. तुम्ही तर घरचेच निघालात."

"मला ठाऊक नव्हतं, केझाया."

"ठाऊक करून घ्यायचं नव्हतं तुला. चोपड्या तुझ्या हातात होत्या." ती 'तुम्ही' वरून 'तू' वर आली होती आणि दोघींनाही ते कळले होते. "मी लग्नाचा परवाना काढायला आले एकोणचाळीस साली. खिडकीत कोण होतं? वर्णाच्या रकान्यात 'काळी' असं कुणी लिहिलं? अक्षर मोठं सुंदर हो तुझं. मी तो परवाना अजून ठेवलाय."

ऑर्फाने आपले हात पिशवीखाली घेतले.

"एक सांग. तुमच्या त्या समितीत हात वर करतात ना? तू केलास?"

"केला."

"का?"

"तुला काहीतरी मिळावं म्हणून."

केझाया हसली. हसता हसता तिला दम लागला आणि तिने छातीवर हात दाबून धरला. "बघ, तुझा बापही असंच बोलायचा. शाळेच्या पायरीवर उभा राहून म्हणाला होता, तुमच्या भल्यासाठीच चाललंय." तिने कागद एकावर एक नीट ठेवले आणि परत दिले. "घेऊन जा. कपाटात ठेव, चुलीत घाल. मला त्या भिंतीच्या आत यायचं नाही. अक्रोडाखाली नाही, आईशेजारीसुद्धा नाही."

"मग तुझी आई?"

"तिला बाहेर काढा. एकटी कशाला ठेवू तुमच्यात? शायलो चर्चच्या मागं आमची जागा आहे. मी मरायच्या आत मला ती तिथं हवी. तुझ्या त्या भावाला सांग, हात वर कर म्हणावं."

त्या ठरावास पाच मिनिटेही लागली नाहीत. लॅनियरने वखारीतील माणसे दिली, आपली गाडी दिली, आणि कार्नेशनची पांढरी फुले पाठवली. सर्वांशी तो इतका मृदू बोलला, की काम करणाऱ्यांपैकी एक जण ऑर्फाला म्हणाला, "साहेब फार दिलदार माणूस."

नोव्हेंबरच्या एका धुकट सकाळी टेकडीवर खणण्यास सुरुवात झाली. त्रेसष्ट वर्षांत तेथे फारसे काही उरले नव्हते. शवपेटीच्या चार कड्या, कासवाच्या पाठीची एक फणी, आणि आजूबाजूच्या लाल मातीत उठून दिसणारी हातभर काळी माती मिळाली. वर्नेलने ती सारी स्वतःच्या हातांनी नव्या पेटीत भरली, कोणाला भरू दिली नाही. केझाया गाडीत काच वर करून बसली होती.

खड्ड्याची डावी कड मऊ होऊन ढासळली, आणि शिपायाच्या दगडाखालची भूमी आतपर्यंत उघडी पडली. ती माती चिकट, एकजीव, लाल होती. तिच्यात कधी कुदळ गेलेली नव्हती, हे पाहणाऱ्या प्रत्येकाला दिसले. समितीचे पाचही जण तेथे उभे होते. लॅनियर क्षणभर त्या कडेकडे पाहत राहिला. मग त्याने माणसांना खूण केली, खड्डा बुजवला, माती धुम्मसाने दाबून घेतली, आणि कलंडलेला दगड सरळ करून त्याच्यापुढचा ध्वज हाताने नीट केला.

"चिटणीसबाई," तो म्हणाला, "वहीत लिहून टाका. नातलगांच्या विनंतीवरून."

ऑर्फाने वही उघडली. कोणाचे नातलग, असे विचारण्यासाठी तिने तोंड उघडले होते. थंडीने सर्वांच्या तोंडातून वाफ निघत होती, सारे तिच्या लेखणीकडे पाहत होते, आणि गाडीच्या काचेमागे केझाया समोर बघत होती. ऑर्फाने लॅनियरने सांगितले तेच लिहिले, खाली सही केली आणि वाळूची चिमूट टाकावी तसा शाईवर टीपकागद दाबला.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात केझाया गेली. ऑर्फाने ते वर्तमानपत्रात वाचले. शनिवारी काळा कोट घालून ती शायलो चर्चच्या दारी पोहोचली तेव्हा घंटा होण्यास थोडा अवकाश होता. बाहेर पायऱ्यांखाली आप्तांची रांग लागली होती. त्यांच्यात चाल अशी, की कुटुंबातली माणसे आधी आत बसत नाहीत. ती बाहेर जोड्या करून थांबतात आणि शेवटी, सारे उभे राहिल्यावर, शवपेटीमागून पुढच्या बाकांकडे चालत जातात. रांगेच्या अग्रभागी वर्नेल होता. त्याच्या शेजारी जोडीला कोणी नव्हते. त्याने ऑर्फाकडे पाहिले आणि नजर काढून घेतली नाही.

दारात पांढरे हातमोजे घातलेली एक स्वागतिका उभी होती. तिने ऑर्फाला नखशिखान्त पाहून आदराने, आवाज खाली आणून विचारले, "बाई, आपण कुटुंबातल्या की ओळखीच्या?"

चाळीस वर्षे लोक तिला आपापल्या पूर्वजांविषयी हाच प्रश्न विचारीत आले होते, आणि तिने प्रत्येकाला साल, चोपडी आणि पान यांसह उत्तर दिले होते. मागे कोणीतरी पाय बदलला. रांगेतील दोन वृद्ध स्त्रिया तिच्या ओठांकडे पाहत होत्या. खरे उत्तर येथे दिले, की ते संध्याकाळपर्यंत ओढा ओलांडणार होते.

"ओळखीची," ऑर्फा म्हणाली.

"या," स्वागतिका म्हणाली, आणि तिने तिला डावीकडच्या भिंतीलगत, खांबामागच्या बाकावर नेऊन बसवले. थोड्या वेळाने सारे उभे राहिले आणि कुटुंब आत आले. पावलांचा आवाज पुढे जात राहिला. खांबामुळे ऑर्फाला शवपेटी दिसत नव्हती.